कायदा आणि वहिवाट

ठाणे जिल्ह्याच्या भिवंडी तालुक्यात, तानसा नदीच्या काठी अकलोली हे लहानसे गाव आहे. मुंबई-ठाण्याकडील पुष्कळ कुटुंबांस ते ऊन पाण्याच्या कुंडांमुळे माहीत असते. जवळच वज्रेश्वरीचे देवालय आहे. चिमाजी आप्पांनी वसईच्या मोहिमेत देवीला नवस बोलला आणि १७३९ साली किल्ला हाती आल्यावर तो फेडला, अशी त्या देवालयाची कथा सांगतात. लोक येतात, बावन्न पायऱ्या चढून दर्शन घेतात, कुंडात स्नान करतात आणि सायंकाळी आपापल्या घरी परततात. या प्रदेशाशी आपला संबंध एवढाच, असे बहुतेकांस वाटते.

वस्तुतः हा संबंध फार जवळचा आहे. अकलोलीवरून वाहणाऱ्या याच तानसेवर वरच्या अंगास शहापूर तालुक्यात बांधलेल्या धरणाचे पाणी १८९२ सालापासून मुंबईच्या घराघरांत जात आहे. या तालुक्यांतील भट्ट्यांवर भाजलेल्या विटांनी शहरांतील किती भिंती उभ्या राहिल्या याची गणती नाही. ज्या मुलुखाचे पाणी आपण पितो आणि ज्याच्या मातीच्या घरात राहतो, त्या मुलुखात आपल्या राज्यघटनेचे काय झाले, हे पाहणे सुशिक्षित गृहस्थाश्रमी माणसाचे कर्तव्य ठरते. दिल्लीत कोण चढले व कोण पडले याची चर्चा आपल्या दिवाणखान्यांत रोज होते. ती होऊ नये असे मुळीच नाही. पण राज्यकारभाराची खरी पारख करावयाची, तर ती राजधानीपेक्षा अकलोलीसारख्या ठिकाणी अधिक चांगली होते. कारण तेथे कायदा शेवटी कोणत्या रूपाने येऊन पोहोचतो, हे उघड्या डोळ्यांनी दिसते.

आपल्या देशात एकाच वेळी दोन राज्ये चालतात, असे म्हणावयास हरकत नाही. एक कायद्याचे आणि दुसरे वहिवाटीचे. कायदा राजपत्रात छापला जातो. वहिवाट कोठेही छापलेली नसते, पण ती सर्वांस पाठ असते. कायदा मोडला तर शिक्षेची भीती असते खरी, पण ती दूरची. वहिवाट मोडणाऱ्यास मात्र उद्या सकाळीच त्याच मालकापुढे, त्याच पाटलापुढे किंवा त्याच थोरल्या भावापुढे उभे राहावयाचे असते. म्हणून जेथे दोहोंचा विरोध येतो, तेथे दुबळा मनुष्य बहुधा वहिवाटीची बाजू घेतो. कायदा आपल्या बाजूचा आहे हे त्यास ठाऊक असले, तरीसुद्धा.

या विधानाचे एक बोलके उदाहरण आपल्या पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत सापडते. स्वातंत्र्यापूर्वी मताचा अधिकार मालमत्ता आणि शिक्षण यांवर अवलंबून असे. १९५० च्या घटनेने तो प्रत्येक सज्ञान स्त्रीपुरुषास दिला आणि १९५१-५२ च्या निवडणुकीसाठी सुमारे सतरा कोटी तीस लक्ष मतदारांची यादी तयार झाली. जगात एवढ्या मोठ्या प्रमाणावर असा प्रयोग पूर्वी झाला नव्हता. परंतु यादी करणारे लोक घरोघर गेले तेव्हा, विशेषतः उत्तरेकडील प्रांतांत, लक्षावधी स्त्रियांनी परक्या पुरुषास आपले नाव सांगण्याचे नाकारले. अमक्याची आई, तमक्याची बायको एवढेच त्यांनी लिहू दिले. पहिले निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा निनावी नोंदी मान्य करण्याचे साफ नाकारले, आणि सुमारे अठ्ठावीस लक्ष स्त्रिया यादीबाहेर राहिल्या. कायद्याने त्यांच्या हाती मत दिले होते. वहिवाटीने त्यांचे नावच राहू दिले नव्हते. ज्या समाजात विवाहाच्या दिवशी तांदळाच्या ताटात मुलीचे नवे नाव लिहिण्याची चाल आहे, त्याने या स्त्रियांस हसण्याचे कारण नाही. लक्षात घेण्याची गोष्ट अशी की, सेन यांनी वहिवाटीपुढे मान तुकविली नाही, आणि पुढील निवडणुकीपर्यंत लोकांस समजावून ही उणीव पुष्कळ अंशी भरून काढण्यात आली.

आता ठाणे जिल्ह्याकडे वळू. या जिल्ह्यातील वारली, कातकरी इत्यादी आदिवासींच्या स्थितीची चौकशी करून सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याने मुंबई सरकारला जो अहवाल सादर केला, त्यात सावकारी, वेठ आणि जमीनमालकांची दंडेली यांचे स्पष्ट वर्णन आहे. लग्नासाठी काढलेल्या कर्जापोटी नवराबायकोने धन्याच्या घरी वर्षानुवर्षे राबावयाचे, अशी येथे रीत होती; अशा माणसास ‘लग्नगडी’ म्हणत. गृहस्थाश्रमाचा आरंभच गुलामगिरीने व्हावा, याहून करुण गोष्ट ती कोणती! १९४५ च्या मे महिन्यात तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यातील झरी येथे हजारो वारली जमले आणि यापुढे वेठ करावयाची नाही, लग्नगडी राहावयाचे नाही, असा त्यांनी निश्चय केला. त्याच वर्षी ऑक्टोबरात तलवाडा येथे पोलिसांनी केलेल्या गोळीबारात त्यांच्यातील पाच माणसे प्राणास मुकली.

या चळवळीच्या पुढारी गोदावरी परुळेकर या पुण्याच्या गोखले घराण्यात १९०७ साली जन्मल्या होत्या. त्यांनी कायद्याची पदवी घेतली होती आणि भारत सेवक समाजाच्या त्या पहिल्या स्त्री आजीव सदस्य होत्या. त्यांचा राजकीय पंथ सर्वांस मान्य होईलच असे नाही. पण आपल्यासारख्याच घरात वाढलेली एक स्त्री जंगलातील पाड्यांवर जाऊन राहिली, आणि तिला तेथे आधी काय शिकवावे लागले, हे समजून घेण्याजोगे आहे. ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे त्यांच्या पुस्तकाचे नावच त्याचे उत्तर देते. हक्क सांगण्यापूर्वी, मागितले तरी चालते हे माणसाच्या मनात उतरावे लागते.

पाच वर्षांनी घटना अमलात आली. तिच्या तेविसाव्या अनुच्छेदाने वेठ व सक्तीची मजुरी निषिद्ध ठरविली. कायद्याच्या दृष्टीने प्रश्न तेथे मिटावयास हवा होता. तो मिटला नाही, म्हणून १९७६ साली वेठबिगार पद्धती नष्ट करणारा स्वतंत्र कायदा करावा लागला. त्यानेही तो मिटला नाही. कारण अकलोलीच्या शेजारीच असलेल्या वसई तालुक्यात १९८० नंतरच्या दशकात विवेक आणि विद्युल्लता पंडित या दांपत्याला वेठबिगार आदिवासींच्या मुक्तीसाठी चळवळ उभारावी लागली. १९८२ साली स्थापन झालेल्या श्रमजीवी संघटनेचे ते मूळ. तिचे ठाणे असलेले उसगाव वज्रेश्वरीपासून दूर नाही. एकाच अन्यायाचा निषेध १९४५ मध्ये सभेने, १९५० मध्ये घटनेने आणि १९७६ मध्ये संसदेने केला, तरीही तो शिल्लक राहिला, ही गोष्ट शांतपणे विचार करण्याजोगी आहे.

तो शिल्लक कसा राहतो, हे वीटभट्टीच्या व्यवहारावरून कळते. पावसाळ्यात भूमिहीन कुटुंबाच्या घरी दाणा नसतो. त्या वेळी भट्टीचा मालक किंवा त्याचा मुकादम काही रक्कम आगाऊ देतो. तिला ‘बयाणा’ म्हणतात. दिवाळीनंतर ते कुटुंब मुलाबाळांसह भट्टीवर जाते आणि पावसाच्या तोंडापर्यंत तेथेच राहते. भट्टीवरील त्यांच्या तात्पुरत्या झोपडीस ‘भोंगा’ म्हणतात. मुलांची शाळा बुडू नये म्हणून पंडितांच्या विधायक संसद या संस्थेने तेथेच शाळा चालविल्या, त्यांना म्हणूनच ‘भोंगाशाळा’ हे नाव पडले. कामाचा दर हजार विटांवर ठरलेला असतो. आठवड्यास पोटापुरती ‘खर्ची’ मिळते, आणि उरलेला हिशेब हंगामाच्या शेवटी होतो. विटा मोजतो मालक, वही लिहितो मालक, आणि बाकी काय निघाली हे सांगतोही तोच. बाकी निघाली की पुढील हंगामही त्यालाच बांधलेला. सर्वच भट्ट्यांवर असा अन्याय होतो असे म्हणणे योग्य होणार नाही. प्रामाणिक मालकही आहेत. पण ज्या व्यवहारात एका पक्षाजवळ वही आणि दुसऱ्याजवळ केवळ आठवण असते, तेथे न्याय हा मालकाच्या सज्जनपणावर अवलंबून राहतो. आणि सज्जनपणावर अवलंबून असलेल्या न्यायास हक्क म्हणता येत नाही.

कायदा करणाऱ्यांना हे समजत नव्हते असे नाही. १९७६ च्या कायद्याने असे सारे कर्ज रद्द ठरविले. इतकेच करून तो थांबला नाही. मजुराने आपले कर्ज वेठबिगारीचे आहे असे म्हटले, तर ते तसे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्याने सावकारावर टाकली. वही कोणाच्या हातात असते हे ओळखूनच ही तरतूद झाली असली पाहिजे. पुढे १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने, दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात, किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर काम करून घेणे हीसुद्धा घटनेने निषिद्ध ठरविलेली सक्तीची मजुरीच होय, असा निर्णय दिला. भूक हीदेखील एक सक्ती आहे, असा त्याचा आशय. इतका उदार कायदा हाती असूनही त्याचा आरंभ एका शब्दाने होतो. मजुराने ‘हिशेब दाखवा’ असे म्हटले पाहिजे. तो शब्द उच्चारला गेला नाही, तर सर्वोच्च न्यायालयाचा निर्णयही तानसेच्या काठी पोहोचत नाही.

हा शब्द उच्चारण्याची जागा म्हणून आपल्या राज्यव्यवस्थेने ग्रामसभा निर्माण केली आहे. घटनेची त्र्याहत्तरावी दुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली, आणि ग्रामसभेला घटनेतच स्थान मिळाले. पंचायतीत स्त्रियांस किमान एक तृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्राने २०११ साली ते प्रमाण निम्म्यावर नेले. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभांना विशेष अधिकार दिले. भिवंडी तालुक्यातील काही गावे त्या क्षेत्रात येतात. गावाच्या मतदारयादीत ज्याचे नाव आहे तो प्रत्येक मनुष्य या सभेचा सभासद असतो. त्यास निवडून यावे लागत नाही. खासदारास लोकसभेत बोलण्यासाठी वेळ मागून घ्यावा लागतो. मजुरास मात्र आपल्या गावच्या सभेत सरपंचाकडे खर्चाचा जाब मागता येतो. कागदावर तरी याहून मोठी लोकशाही जगात थोडकीच असेल.

पण येथेही वहिवाट आडवी येते. मतदारांच्या शंभरांपैकी पंधरा किंवा एकूण शंभर, यांपैकी जी संख्या कमी असेल तितके लोक जमले की सभा कायदेशीर होते. तितकेही जमत नाहीत. सभा तहकूब होते. आणि तहकूब सभेला ही अट नसल्यामुळे ती मोजक्या माणसांत उरकली जाते. नियमित सभेपूर्वी स्त्रियांची स्वतंत्र सभा घ्यावी, असा महाराष्ट्रात नियम आहे. पुष्कळ ठिकाणी ती घेतल्याची नोंद होते आणि सह्या मागाहून घरोघर जमविल्या जातात. हे कोणा एका गावाचे गाऱ्हाणे नव्हे. महाराष्ट्रात कोठेही चौकशी केली, तरी असाच अनुभव सांगणारी माणसे भेटतील. सभा भरत नाही, कारण तेथे बोलून काही होत नाही असे लोकांस वाटते. आणि तेथे काही होत नाही, कारण लोक बोलावयास येत नाहीत.

कोणी म्हणेल की, अशिक्षित लोकांच्या हाती एवढे अधिकार दिले हीच चूक झाली. आधी शिक्षण, मग स्वराज्य, हाच क्रम बरा होता. हा आक्षेप जुना आहे. परकी सरकार आपल्या सर्वांविषयी नेमके हेच म्हणत असे, आणि त्याचे उत्तर आपल्याच वाडवडिलांनी दिलेले आहे. शिवाय अनुभव निराळा आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याचे उदाहरण घ्यावे. जंगलातील जमीन पिढ्यान् पिढ्या कसणाऱ्यास, १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा कब्जा असल्यास, चार हेक्टरांच्या मर्यादेत हक्क मिळतो. या दाव्याचा आरंभ ग्रामसभेपासून होतो, आणि पुराव्यात गावातील वृद्ध माणसांचा लिहून घेतलेला जबाबही ग्राह्य धरला जातो. ज्या आजोबांस अक्षरओळख नाही, त्यांच्या शब्दास सरकारी दप्तरात प्रथमच किंमत आली. अशा सभेला लोक मैल मैल चालत येतात. मागितल्याने मिळते असा विश्वास आला की अडाणी माणूसही उत्तम नागरिक होतो. उलट, आपल्या नगरपालिकेच्या अंदाजपत्रकाचे एक पानही आयुष्यात न उघडलेले पदवीधर शहरोशहरी सापडतात. त्यांचे शिक्षण नागरिकत्वाच्या कामी आले नाही, असेच म्हणावे लागेल.

याच वनहक्क कायद्यात आणखी एक कलम आहे, आणि त्याकडे सुशिक्षित कुटुंबांचे लक्ष वेधावयाचे आहे. हक्काचा मालक विवाहित असेल, तर जमिनीची नोंद पतिपत्नी दोघांच्या नावे संयुक्तपणे झाली पाहिजे, असे ते कलम सांगते. म्हणजे जंगलातील वारली स्त्रीचे नाव तिच्या शेताच्या कागदावर कायद्याने आहे. आता आपल्या घरांकडे पाहावे. एकत्र कुटुंबातील घर, शेत, ठेवी यांच्या कागदांवर घरातील स्त्रियांची नावे किती आहेत? महाराष्ट्राने १९९४ साली कन्येस वडिलार्जित मालमत्तेत सहदायाद म्हणून हक्क दिला. २००५ साली सबंध देशास तो लागू झाला. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क जन्मसिद्ध असल्याचे स्पष्ट केले. ९ सप्टेंबर २००५ रोजी पिता हयात असलाच पाहिजे अशी अटही ठेवली नाही. विवाहाच्या तारखेवरून मिळालेल्या हक्कांत फरक करणारी जुनी मर्यादाही उरलेली नाही. येथे कोणी अशिक्षित नाही, कोणी उपाशी नाही, कोणाच्या मानेवर बयाण्याचे जोखड नाही. तरीही घरोघर काय होते?

वडील जातात. तेरावा होतो. बहिणी अजून माहेरी आहेत तोवर थोरल्या भावाच्या हाती एक कागद येतो. त्यास ‘हक्कसोडपत्र’ म्हणतात. तो वाचून दाखविला जात नाही, आणि वाचण्याची इच्छा दाखविणे हे बहिणीसही अवघड वाटते. मागितले तर माहेर तुटेल, दिवाळीस भाऊबीज होणार नाही, लोक लोभी म्हणतील, ही भीती तिच्या मनात असते. ती सही करते. साडीचोळी मिळते. सर्वजण म्हणतात, आमच्या घरात सर्व गोष्टी किती प्रेमाने होतात! हे प्रेम खोटे आहे असे मुळीच म्हणावयाचे नाही. पुष्कळ बहिणी खरोखरच आनंदाने हक्क सोडतात, आणि ज्या भावाने आईवडिलांची शुश्रूषा केली त्यास घर राहावे असे त्यांस मनापासून वाटते. पण ज्या दानात नाही म्हणण्याची मोकळीक नसते, त्यास दान कसे म्हणावे? भट्टीवरील मजूर ‘हिशेब दाखवा’ म्हणत नाही, आणि उच्चशिक्षित बहीण ‘कागद दाखव’ म्हणत नाही; दोघांच्या दुःखात जमीन-अस्मानाचे अंतर आहे, पण दोघांच्या मौनाचे कारण एकच. मागणे हीच जेथे अमर्यादा समजली जाते, तेथे कायदा दारापाशीच थांबतो.

हे ध्यानात आले म्हणजे राजकारणाविषयीच्या आपल्या पुष्कळ तक्रारींचे स्वरूप पालटते. पुढारी लबाड आहेत, अधिकारी ऐकत नाहीत, पंचायतीत ठरावीक घराणी बसतात, हे सारे खरे असेल. परंतु प्रश्न विचारणाऱ्यास उद्धट समजण्याचा पाठ मनुष्य प्रथम कोठे शिकतो? तो घरातच शिकतो. ज्या घरात सुनेने खर्चाची चौकशी केली म्हणजे सासूबाईंच्या कपाळास आठी पडते, आणि धाकट्याने विचारले म्हणजे ‘तुला काय कळते’ असे उत्तर मिळते, त्या घरातून बाहेर पडलेला तरुण सरपंच झाला काय किंवा तहसीलदार झाला काय, तो प्रश्न विचारणाऱ्याशी तसाच वागणार. २००५ च्या माहितीच्या अधिकाराने कोणाही नागरिकास दहा रुपयांच्या अर्जावर सरकारी कागद पाहण्याची सोय केली. तो कायदा एका दृष्टीने ‘कागद दाखवा’ या दोन शब्दांचाच कायदा आहे. त्याचा अभ्यास मात्र घरच्या ओटीवर सुरू व्हावयास हवा.

यासाठी मोठ्या चळवळीची वाट पाहण्याचे कारण नाही. वडिलधाऱ्यांनी आपल्या हयातीतच मुलगे, मुली, सुना या सर्वांस एकत्र बसवून घरातील मालमत्तेची यादी वाचून दाखवावी. हक्कसोडपत्र करावयाचेच असेल, तर शोकाच्या दिवसांत ते पुढे करू नये. बहिणीस ते आपल्या घरी नेऊन, हव्या त्या वकिलास दाखवून, सवडीने नाही किंवा हो म्हणता यावे. घरी धुणेभांडी करणाऱ्या बाईंच्या पगाराचा, उचलीचा आणि खाड्यांचा हिशेब एका वहीत लिहावा, आणि तशीच दुसरी वही त्यांच्यापाशीही असावी. महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी २००८ साली कल्याण मंडळाचा कायदा झालेला आहे. तेथे नोंदणी करण्यास त्यांस मदत करणे हे मालकिणीचे काम समजावे. घर बांधताना विटांचा भाव विचारतो, तसे त्या विटा थापणाऱ्यांची मुले शाळेत जातात की नाही, हेही एकदा ठेकेदारास विचारून पाहावे. उत्तर मिळो न मिळो, हे विचारणारे गिऱ्हाईक आहे एवढे तरी त्यास कळेल. आणि ज्यांचे मूळ गाव कोकणात, देशावर किंवा कोठेही आहे, ज्यांचे नाव अजून तेथील मतदारयादीत आहे, त्यांनी देवदर्शनास व आंब्यांच्या दिवसांत जसे गावी जावे, तसे एखाद्या ग्रामसभेसही जाऊन मागे बसावे, आणि तेथे एखादी बाई भीतभीत उभी राहिली तर तिचे बोलणे पुरते होईपर्यंत इतरांस थांबवून धरावे.

राज्यघटनेने प्रत्येकास बोलण्याचा हक्क दिला. ऐकून घेण्याची सवय मात्र कोणत्याही संसदेस देता येत नाही. ती ज्याच्या हाती वही आहे, त्यानेच आधी लावून घ्यावी लागते. आपल्यापैकी बहुतेकांच्या हाती कोणती ना कोणती वही आहेच.